मणका, गादी आणि 'गॅप': कंबरदुखीबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी फिजिओथेरपिस्ट आहे. निंदणाचे दिवस आले, आणि पुढे कापूस वेचणी जोरात सुरू झाली, की आमच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसायला जागा मिळत नाही. येणारं माणूस दरवेळी वेगळं, प्रश्न मात्र फिरून फिरून तेच. ओपीडीत एकेकाला पाच मिनिटं मिळतात, तेवढ्यात कणा समजावून होत नाही. म्हणून इथे सवडीनं लिहिलं आहे. हे वाचून कोणी आपलं निदान आपणच करू नये. पण दवाखान्यात गेल्यावर काय विचारायचं, एवढं तरी कळेल.

पाठीच्या कण्यात हाडं किती?

माझ्या टेबलाशेजारी प्लास्टिकचा एक कणा टांगलेला आहे. आजीसोबत आलेल्या तिसरीतल्या एका पोरानं तो बोटानं मोजला आणि म्हणाला, "मॅडम, चोवीसच हायेत. पुस्तकात तर तेहतीस लिहिले." दोन्ही बरोबर. जन्मतो तेव्हा मणके ३३ असतात: मानेत ७, छातीच्या मागे १२, कमरेत ५ आणि त्याखाली ९. मोठं होताना या खालच्या नवांपैकी ५ एकमेकांना जुळून एक तिकोनी हाड होतं आणि शेवटचे साधारण ४ जुळून माकडहाड. त्यामुळे मोठ्या माणसाच्या कण्यात हाडं भरतात २६, आणि त्यातले सुटे, हलणारे मणके २४. पोरानं मोजले ते हेच.

स्वतःच्या अंगावरही शोधता येतात. मान खाली घाला आणि मानेच्या मुळाशी बोट फिरवा. जे हाड सगळ्यांत जास्त टोचतं ते बहुधा मानेचा सातवा मणका. आता भांडायला उभं राहतात तसे दोन्ही हात कमरेच्या हाडावर ठेवा, अंगठे मागे. अंगठे सरळ रेषेत आत नेले की जिथे भेटतील तिथे कमरेचा चौथा मणका, थोडा वर-खाली. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांचं बोट "इथं दुखते" म्हणून याच जागेच्या आसपास टेकतं.

आणि एक गंमत. बैलाच्या मानेतही मणके सातच असतात, जिराफाच्याही सातच. जू वाहणारी मान आणि मोबाइलवर वाकलेली मान, मोजणी एकच.

'गादी' म्हणतात ती काय असते? ती खरंच सरकते का?

दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते, तिलाच आपण गादी म्हणतो. अशा २३ गाद्या आहेत. डोकं आणि पहिला मणका यांच्यात गादी नसते, पहिल्या-दुसऱ्यातही नसते. म्हणून तर मान इतकी मोकळी फिरते.

गादीचा बाहेरचा भाग चिवट धाग्यांच्या थरांचा. काथ्याची बाज विणताना एक फेरा एका बाजूला तिरपा जातो आणि दुसरा त्याला छेद देऊन उलट. तशीच ही वीण. एका थरातले धागे एका दिशेला तिरपे, पुढच्या थरातले विरुद्ध दिशेला. आत मधोमध घट्ट चिकासारखा गर, ज्यात तरुणपणी बहुतांश पाणीच असतं. दिवसभर उभं राहून, वजन उचलून हे पाणी थोडं पिळून निघतं आणि रात्री आडवं झालं की पुन्हा भरतं. म्हणून माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा एखादा सेंटिमीटर, कधी थोडा जास्तच, उंच असतो. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं हे ऐकून फार खूश होतात.

गादी साबणाच्या वडीसारखी सुटी नसते. वरच्या-खालच्या मणक्याला ती घट्ट धरून असते, त्यामुळे ती जागची उठून 'सरकत' नाही. होतं काय, तर बाहेरची वीण एखाद्या ठिकाणी विरते आणि आतला गर तिथून फुगतो किंवा बाहेर येतो. बाहेर आलेला गर नसेला टेकला की पायात कळ जाते. गादी बाहेर येऊन नस दाबते आणि त्यानं पाय दुखतो, हे मिक्स्टर आणि बार या दोन अमेरिकन शल्यविशारदांनी १९३४ साली नीट मांडलं. म्हणजे हे ज्ञान शंभर वर्षांचंही नाही.

मोठ्या माणसाच्या गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. तिला खाणं-पिणं मिळतं ते शेजारच्या हाडातून झिरपून, आणि हालचाल झाली की हे झिरपणं चांगलं होतं. पुढे मी जागोजागी "हलत राहा" म्हणणार आहे, त्याचं एक कारण इथे आहे.

कणा सरळ का नाही? बाक आहे म्हणजे बिघाड आहे का?

नाही. बाजूनं पाहिलं तर कणा नागमोडीच असायला हवा. तान्ह्या बाळाचा कणा एकच बाक असलेला असतो. ते मान धरू लागलं की मानेचा बाक येतो, उभं राहून चालू लागलं की कमरेचा. मागून पाहिल्यावर मात्र कणा सरळ दिसायला हवा. वयात येणाऱ्या मुलीचा एक खांदा वर दिसत असेल, किंवा ती ओणवी झाल्यावर पाठीची एक बाजू उंच येत असेल, तर दाखवून घ्या.

सिझरच्या वेळी कमरेत सुई दिली होती. तेव्हापासून कंबर दुखते. सुईनंच झालं ना?

बायांच्या ओपीडीतला हा पहिल्या नंबरचा प्रश्न आहे. उत्तर: बहुधा नाही.

मेंदूपासून निघणारा मज्जारज्जू कण्याच्या नळीतून खाली येतो, पण तो माकडहाडापर्यंत जात नाही. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच तो संपतो आणि त्याखाली नुसत्या नसांचा झुपका सुटतो, घोड्याच्या शेपटीसारखा. भुलीची सुई देतात ती या टोकाच्या खाली, पाण्यात तरंगणाऱ्या नसांच्या भागात. टोचलेली जागा काही दिवस ठणकू शकते, डोकंही दुखू शकतं. पण वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीशी या सुईचा संबंध अभ्यासांत सापडलेला नाही. सुई न घेता मोकळ्या झालेल्या बायांचीही कंबर तितकीच दुखते.

मग दुखते कशानं? नऊ महिन्यांत पोटाचे स्नायू ताणून ढिले झालेले, कमरेच्या सांध्यांचे बंध सैल पडलेले. त्यात बाळ कडेवर, तेही एकाच कडेवर, रात्रीचं जागरण, आणि सव्वा महिना झाला नाही तोच पाण्याचा गुंड डोक्यावर. सुईवर खापर फोडलं की बाकी सगळे सुटतात.

एक्स-रे काढला. माह्या मणक्यात गॅप हाय म्हणते. भरून येईन का?

या एका शब्दानं आमच्या भागातली जितकी माणसं घाबरवली आहेत, तितकी खऱ्या आजारानं घाबरवली नसतील.

आधी शब्दाचा घोटाळा. एक्स-रेत गादी दिसतच नाही, हाडं दिसतात. दोन हाडांमधली मोकळी जागा पाहून गादीची उंची किती उरली याचा अंदाज करतात. डॉक्टर म्हणतात, "गॅप कमी झाला आहे." पेशंट घरी जाऊन सांगतो, "गॅप पडला." पोहऱ्याला भोक पडावं तसा मणक्यात खड्डा पडला आहे, हाडं एकमेकांपासून सुटली आहेत, उद्या बाजेवरून उठलो की कंबर दोन तुकडे होईल, असं काहीबाही डोक्यात बसतं. घडलेलं असतं नेमकं उलटं: जागा वाढलेली नाही, थोडी कमी झालेली आहे.

दुसरं म्हणजे हे होणं वयाचंच आहे. केस पिकतात, तशी गादी सुकते. काहीही न दुखणाऱ्या ३,११० माणसांच्या कण्याचे फोटो तपासलेल्या ३३ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांत गादीची झीज दिसली, पन्नाशीतल्या ८० टक्क्यांत आणि ऐंशीच्या वयात ९६ टक्क्यांत. पुन्हा सांगते, या लोकांची कंबर दुखत नव्हती. म्हणजे पन्नाशीच्या कोणत्याही शेतकऱ्याला धरून फोटो काढला, तर त्यात काही ना काही निघणारच. ते निघालं म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं असं होत नाही.

त्यामुळे 'भरून येईल का' याचं उत्तर असं: सुकलेली गादी पुन्हा विशीतली होत नाही, आणि बरं वाटायला तसं व्हावं लागतही नाही.

यात माझीही एक चूक सांगायची आहे. नोकरीच्या सुरुवातीला मजुरीला जाणाऱ्या एका बाईचा एक्स-रे उजेडाला धरून मी म्हटलं होतं, "मावशी, आता वाकायचं नाही." तिनं ते शब्दशः पाळलं. वेचणी सोडली, चूल उंचावर घेतली, पडलेली काडी उचलायलाही नातीला हाक. आठ महिन्यांनी आली तेव्हा दुखणं होतं तेवढंच होतं, मांड्या मात्र बारीक झाल्या होत्या आणि घरात येणारी मजुरी बंद झाली होती. तिला पुन्हा वाकायला शिकवायला मला तीन महिने लागले.

एक्स-रेत काही नाही म्हणता, मग दुखतं कशानं?

दहापैकी साधारण नऊ जणांच्या कंबरदुखीचं एकच एक असं कारण बोटानं दाखवता येत नाही. याचा अर्थ दुखणं खोटं आहे असा नाही. स्नायू, बंध, लहान सांधे, गादी, अपुरी झोप, डोक्यावरचं कर्ज, सगळ्यांचा वाटा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. तुमचंच नशीब फुटकं, असं काही नाही.

आपल्याकडच्या कामांचं सांगते, कारण सल्ले सगळे शहरातल्या खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी लिहिलेले असतात.

कापूस वेचताना बाई अर्धी ओणवी असते आणि कमरेला बांधलेली ओटी भरत जाते. ओणवं राहणं वाईट नाही. तासन् तास त्याच कोनात राहणं वाईट. पाठीमागचे बंध हळूहळू ताणले जातात, स्नायू थकून हात टेकतात. ओटी पूर्ण भरायची वाट पाहू नका, अर्धी झाली की गाठोड्यात रिकामी करा. तेवढी चाल हाच आराम. एक तास, म्हणजे कपाशीची एक ओळ, संपला की हात कमरेवर ठेवून चार-पाच वेळा मागे झुका. खालच्या बोंडांसाठी एक गुडघा टेकून बसा, मग पुन्हा उभ्यानं वेचा. मुकादम ओरडतो, ठाऊक आहे. पण मजुरी किलोवर असते, आणि दुपारी तीनला बसून जाण्यापेक्षा हे परवडतं.

फवारणीचा पंप. १६ लिटरचा पंप म्हणजे नुसतं पाणीच १६ किलो, वर पंपाचं स्वतःचं वजन. तो जमिनीवरून हिसका देऊन, अंग वळवून पाठीवर घेताना चमक भरते. पंप बंडीच्या (बैलगाडीच्या) मागच्या कडेवर किंवा उंच धुऱ्यावर (बांधावर) ठेवून भरा, पाठ त्याला लावा, दोन्ही पट्टे खांद्यात घाला आणि मग उभे राहा. एका खांद्यावर लटकवून चालायचं नाही.

सोयाबीनचा कट्टा एकट्यानं उचलणं ही मर्दुमकी कोणी सुरू केली देव जाणे. "पाठ सरळ ठेवून गुडघ्यातून वाका" हे सगळे सांगतात, पण त्याहून महत्त्वाचं आहे ते वजन अंगाला चिकटून असणं. हात लांब करून धरलेले २० किलो कमरेला छातीशी धरलेल्या २० किलोंपेक्षा कितीतरी जड पडतात. आणि वजन उचललेलं असताना कमरेतून पिळायचं नाही, पाय वळवायचे.

उसण भरली, चमक निघाली तर काय करावं? पायाळू माणसाकडून लाथ मारून घ्यावी का?

आमच्या गावात दोन पायाळू आहेत आणि वेचणीच्या दिवसांत त्यांना भलतीच मागणी असते. पायाळू म्हणजे जो जन्मताना पायांकडून आला तो. त्यानं पाठीला पाय लावला की चमक जाते असं मानतात. हलकेच पाय लावून घेतला तर बिघडायचं काही नाही. आणि गुण येतो तो असा की साधी उसण कशानंही, किंवा कशाशिवायही, थोड्या दिवसांत उतरतेच. पण म्हाताऱ्या माणसाच्या पाठीवर खरोखर लाथ घालू नका. हाडं ठिसूळ असतील तर मणका दबतो.

पहिले एक-दोन दिवस जमेल त्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडा. गरम पाण्याच्या पिशवीनं किंवा तव्यावर तापवलेल्या फडक्यानं शेका. मग उठा. घरातल्या घरात चाला. आठ-पंधरा दिवस अंथरूण धरलं की स्नायू आणखी ढिले होतात, आणि बरं व्हायला जास्त वेळ लागतो. पूर्वी डॉक्टरच अंथरूण धरायला सांगत. ते आता मागे पडलं आहे.

कंबरेपासून पायाच्या बोटापर्यंत कळ जाते. लकवा होईल का?

ही सायटिका. बहुतेक वेळा कमरेच्या शेवटच्या दोन गाद्यांपैकी एखादीचा गर तिथून निघणाऱ्या नसेला टेकलेला असतो. खोकलं, शिंकलं, शौचाला जोर केला की कळ वाढते. मुंग्या येतात.

दुखणं भयंकर असतं, पण शेवट बहुधा चांगला होतो. बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू खाऊन टाकतं, आणि पुष्कळ लोकांना सहा ते बारा आठवड्यांत बराच फरक पडतो. लक्ष ठेवायचं ते ताकदीवर. घरीच पाहा: टाचांवर दहा पावलं चाला, मग चवड्यांवर दहा. एक पाय ऐकत नसेल तर उद्यावर ढकलू नका. एका काकांनी सांगितलेली खूण मी आता सगळ्यांना विचारते: चालताना चप्पल पायातून निसटते आणि निसटलेली कळत नाही, असं होतं का?

लगेच दवाखाना गाठावा अशा खुणा कोणत्या?

लघवी अडणं, किंवा नकळत होऊन जाणं. शौचावरचा ताबा सुटणं. मांड्यांच्या मध्ये, जिथे सायकलच्या सीटवर टेकतो तो भाग बधिर होणं. दोन्ही पायांतली ताकद जाणं. यातलं काहीही कंबरदुखीबरोबर दिसलं, तर मघाशी सांगितलेला घोड्याच्या शेपटीसारखा झुपका दाबला गेलेला असू शकतो. इथे हिशेब तासांचा असतो. लाजेखातर बाया हे दोन-तीन दिवस घरात कुणाला सांगत नाहीत, आणि मग गेलेली नस परत येत नाही. सुनेला, लेकीला, आशाताईला, कुणालाही सांगा, पण त्याच दिवशी निघा.

याशिवाय: पडल्यानंतर, मार लागल्यानंतरचं दुखणं. बारीक ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं. पूर्वी कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाची नवी पाठदुखी. आणि तरुण पोरगा, वय पंचवीस-तीस, सकाळी उठताना अर्धा-पाऊण तास पाठ लाकडासारखी, कामाला लागला की मोकळी आणि आराम केला की पुन्हा आखडलेली. हा कण्याचा संधिवात असू शकतो, आणि त्याची औषधं वेगळी असतात. अशी पोरं पाच-पाच वर्षं 'गॅप'ची औषधं खात फिरतात.

खोकला नाही, तर मग मणक्याचा टीबी कसा?

असा प्रश्न विचारून लोक औषध सुरू करायला कचरतात, म्हणून वेगळं लिहिते. टीबी हाडात होतो, आणि हाडांच्या टीबीपैकी साधारण निम्मा कण्यातच असतो. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यविशारदानं १७७९ साली याचं वर्णन केलं. छाती स्वच्छ असू शकते, थुंकीत काही निघत नाही. माणूस संध्याकाळी कणकण आहे म्हणतो, भाकर जात नाही, आणि पाठीत एका जागी दाबलं की ओरडतो. उशीर झाला तर मणका खचून तिथे कुबड येतं, पाय लुळे पडू शकतात.

वेळेत धरला तर औषधानंच बहुतेक बरे होतात. सरकारी दवाखान्यात औषध फुकट आहे, निक्षय पोषण योजनेत खुराकासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात (नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते). कण्याच्या टीबीचं औषध साधारण वर्षभर, कधी त्याहून जास्त चालतं. चौथ्या महिन्यात बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही.

आमच्या गावच्या बोअरच्या पाण्यानं पाठ आखडते म्हणतात. खरं आहे?

आमच्या यवतमाळ जिल्ह्याच्या आणि शेजारच्या चंद्रपूरच्या कितीतरी गावांत हे खरं आहे. जमिनीखालच्या खडकातून पाण्यात फ्लोराइड उतरतं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत, असं भारतीय मानक सांगतं. याच्या कितीतरी पट फ्लोराइड असलेलं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की हाडं दाट होतात, आणि कण्याचे बंध, जे दोरीसारखे लवचीक असायला हवेत, तेच हाडासारखे कडक होत जातात. माणसाला मान वळवता येत नाही. मागून हाक मारली तर अख्खं अंग वळवून पाहतो. पुढे मज्जारज्जूही दाबला जाऊ शकतो.

घरातल्या पोरांच्या दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी पट्टे आहेत का, ते पाहा. लहानपणी असं पाणी प्यायल्याची ती खूण. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. खोल बोअरपेक्षा उथळ विहिरीचं पाणी या बाबतीत बहुधा बरं असतं, पण नमुना तपासल्याशिवाय भरवसा नाही, तेव्हा ग्रामपंचायतीच्या मागे लागून तपासून घ्या. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढायची 'नालगोंडा' पद्धत नागपूरच्या नीरी संस्थेनंच शोधली. आणि आखडलेली पाठ पाणी बदलल्यावर आधीसारखी मोकळी होत नाही, हे कडू असलं तरी सांगावं लागतं. पाणी बदलायचं ते पोरांसाठी.

सिकलसेल आहे. पाठ दुखते, व्यायाम करू का?

दुखण्याचा झटका आलेला असताना नाही. सिकलसेलमध्ये रक्त अडून हाडातच कळा येतात, मणक्यांतही. पूर्व विदर्भात आजार इतका पसरलेला आहे की तरुण पोरीची पाठदुखी पाहिली की आम्ही रक्ताची चाचणी झाली का, हे आधी विचारतो. झटक्यात भरपूर पाणी, ऊब आणि दवाखाना. व्यायाम नंतर, डॉक्टरांना विचारून, हलका.

कमरेचा पट्टा, वजनं लावून ओढणं, शेकायचं मशीन?

२०२३ च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेनं जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात पट्टा, ट्रॅक्शन आणि अल्ट्रासाउंडचा शेक या तिन्ही गोष्टी नेहमीच्या उपचारात नकोत असं म्हटलं आहे. हे लिहिताना माझ्याच पोटावर पाय येतो, कारण ही दोन्ही मशिनं आमच्या खोलीत आहेत आणि लोक त्यांचेच पैसे आनंदानं देतात, नुसता व्यायाम शिकवला तर म्हणतात, "मॅडमनं काही केलंच नाही." मणका मोडला असेल किंवा ऑपरेशन झालं असेल तर पट्ट्याचं कारण वेगळं. एरवी प्रवासापुरता, दोन-चार दिवस, ठीक.

गादीवर झोपावं की जमिनीवर?

लांसेट या नियतकालिकात २००३ साली स्पेनमधल्या ३१३ लोकांवरचा अभ्यास आला होता. त्यात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवाल्यांना जास्त आराम पडला. आपल्यासाठी याचा अर्थ: झोळ पडलेली बाज नको, पण उघड्या फरशीवरही कुढत झोपायची शिक्षा नको. सपाट जागा, दोन-तीन वाकळी, कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये एक उशी. झोप लागते ती जागा बरोबर.

एक सुई मारली की आठ दिवस बरं वाटतं. काय वाईट?

दुखणं थांबवायची सुई कधीमधी घेणं वेगळं आणि दर बाजाराच्या दिवशी घेणं वेगळं. पोटात जखम होते, मूत्रपिंड खराब होतं, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. त्याहून वाईट म्हणजे नाव नसलेल्या पुड्या. "जडीबुटी" म्हणून दिलेल्या पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. दोन दिवसांत माणूस नाचायला लागतो, महिन्याभरात चेहरा गोल होतो, आणि वर्षाकाठी हाडं ठिसूळ. अशी पुडी बरेच दिवस चालू असेल तर अचानक बंदही करू नका; ती घेऊन डॉक्टरकडे जा.

खर्र्याचं, म्हणजे आमच्याकडच्या तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचं, इथेच सांगून टाकते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत कंबरदुखी आणि गादीची झीज जास्त दिसते, हाड जुळायलाही वेळ लागतो. खर्र्यातही निकोटिन तेच. बाकी तोंडाचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

आमची बुढी वाकतच चालली. वयच झालं, दुसरं काय?

वय आहेच, पण कित्येकदा त्यात मणके दबलेले असतात. पाळी गेल्यानंतर हाडांतला चुना झपाट्यानं कमी होतो. मग गुंड उचलताना, बंडीत बसलेला दणका खाऊन, कधी नुसत्या शिंकेनं एखादा मणका पुढच्या बाजूनं चेपतो. तरुणपणापेक्षा उंची चार सेंटिमीटरहून जास्त घटली असेल तर याची शंका घ्यावी. लुगडं पायात येऊ लागलं, ही घरातली मोजपट्टी.

पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं असं आपल्याकडच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं म्हणणं आहे. दूध विकून घरात काळा चहा, ही आपली रीत. निदान ताक, दही घरी ठेवा; तीळ आणि शेवग्याचा पाला यांतही भरपूर असतं. तीळ संक्रांतीपुरतेच कशाला? रोजच्या चटणीत जवसाबरोबर घाला. सकाळचं ऊन अंगावर घ्या. औषधं आहेत, ती चालतात. फक्त बुढीला दवाखान्यात न्यायला कुणी तयार हवं.

कोणता व्यायाम करू?

जो रोज होईल तो. मी तीनच सांगते. पाठीवर झोपून गुडघे उभे ठेवा, कंबर जमिनीपासून वर उचला, पाच आकडे मोजा, खाली. असं दहा वेळा. मग हातापायांवर रांगत्या बाळासारखं व्हा, उजवा हात आणि डावा पाय सरळ लांब करा, थांबा. मग दुसरी जोडी. तिसरं चालणं. २०२४ साली ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर झालेल्या प्रयोगात, चालण्याची सवय लावून दिलेल्यांची कंबरदुखी साधारण २०८ दिवसांनी उलटली, बाकीच्यांची ११२ दिवसांनीच. "वावरात दिवसभर चालतोच की," असं म्हणाल. खरं आहे, तुम्हाला पहिले दोन पुरे. तिसरा गल्ल्यावर बसणाऱ्या दुकानदारांसाठी आणि गुरुजींसाठी.

ऑपरेशन केलं की माणूस अंथरुणाला खिळतो ना?

अशी एक गोष्ट प्रत्येक गावात असते. नस दाबलेली असेल, ताकद जात असेल, किंवा पायातली कळ दोन-तीन महिने उलटूनही तशीच असेल, तर ऑपरेशननं खरा फायदा होतो. खिळण्याचा धोका अशा वेळी न करण्यातच जास्त असतो. नुसत्या कंबरदुखीसाठी मात्र सहसा नको. कुणी पहिल्याच भेटीत तारीख देत असेल तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, नागपूरचं मेडिकल किंवा एम्स आपल्या आवाक्यातले आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड, आधार सोबत न्या.

झाडावरून किंवा विहिरीत पडला. कसं उचलायचं?

घाईनं उचलायचंच नाही. चिंचेवरून पोरगा पडतो, चार जण धावतात, दोघं काखेत धरतात, दोघं पाय. मध्ये कंबर झोळीसारखी लोंबते. मोडलेला मणका आत मज्जारज्जूत घुसतो तो याच वेळी. बसवून पाणी पाजायचं नाही, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये तर अजिबात नाही.

आधी १०८ ला फोन. तोवर तो जसा पडला आहे तसाच राहू द्या, फक्त श्वास नीट चालू आहे ना ते पाहा. एकानं डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोकं धरून ठेवायचं, हलू द्यायचं नाही. पाय हलवता येतात का, चिमटा कळतो का, हे विचारून ठेवा. डॉक्टर पहिलं तेच विचारतील. हलवावंच लागलं, विहिरीच्या काठावर किंवा गाडीरस्त्यात पडला आहे म्हणून, तर चार जणांनी एका आवाजावर ओंडका वळवावा तसा अख्खा एकदम कुशीवर वळवा, मागून फळी सरकवा आणि तसाच एकदम परत. फळी नसेल तर दार काढा. गोठ्याचं दार बिजागरीवरून उचललं की निघतं.